ताईंना सांगायचं राहिलंच

वाईट बातमी माणसाला कशी सांगावी हे शिकायचं असेल, तर त्या ऑफिसात एकच पत्ता होता. तिसरा मजला, खिडकीजवळचं टेबल. तिथे बसणाऱ्या गृहस्थांना पाठीमागे सगळे 'रीतसर' म्हणत. तोंडावर नुसतंच 'सर' म्हणत, पण आधीचं 'रीत' मनातल्या मनात उच्चारून घेत.

रीतसरांचं म्हणणं असं, की माणसं काय बोलतात याने भांडणं होत नाहीत. कधी बोलतात आणि कोणत्या क्रमाने बोलतात, याने होतात. आजाऱ्याला भेटायला गेलं की किती मिनिटांनी उठायचं, कोणाच्या दारावर दोनदा टकटक करायची आणि कोणाच्या तीनदा, बढती मिळालेल्याचं अभिनंदन आधी करायचं की हुकलेल्याचं सांत्वन आधी, सगळं त्यांच्यापाशी तयार असे. "सत्तावन्न वर्षांत माझ्या तोंडून वावगा शब्द गेलेला नाही," असं ते छातीठोकपणे सांगत. त्यांची बायको म्हणे, "वावगा कशाला, कामाचाही गेलेला नाही." पण ती पडली घरची, आणि घरच्यांचं मत कोण धरतं?

ऑफिस होतं लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीचं. शहरातल्या चारशे दहा लिफ्ट त्यांच्याकडे होत्या. कोणत्या लिफ्टची तपासणी कधी करायची, याचं वेळापत्रक रीतसर बनवत. ते वेळापत्रक बाजूला ठेवून, जी लिफ्ट बंद पडेल तिकडे धावायचं काम मिस्त्री आणि त्यांचे मेकॅनिक करत. आणि कोणी लिफ्टमध्ये अडकून आतलं लाल बटण दाबलं, की फोन यायचा तो ताईंच्या टेबलावर.

ताई तिशीच्या. कंत्राटावर होत्या, सहा महिन्यांच्या. त्यांतले चार झाले होते. एवढ्यात त्यांचा आवाज निम्म्या शहराला ओळखीचा झाला होता. अक्षरही सुरेख, त्यामुळे लिफ्टमध्ये लावायची तपासणीची कार्डं त्याच लिहीत. आणि ऑफिसातलं कोणी सोडून चाललं, की सगळ्यांच्या सह्यांचं जे मोठं निरोपाचं कार्ड निघे, त्यावरचं नावही त्याच घालत.

सोमवारी सकाळी साहेबांनी रीतसरांना केबिनमध्ये बोलावलं. साहेबांचा स्वभाव असा, की एकाला काही सांगायचं असलं की ते दुसऱ्याला बोलावत.

"बसा. दार लावून घ्या. नको, उघडंच राहू द्या, लोकांना संशय येतो. बरं, लावाच." मग साहेबांनी स्टेपलर उचलला, उघडला, आतल्या पिना पाहिल्या आणि मिटला. "वरून आलंय. विभागातला एक माणूस कमी करा म्हणतात. शुक्रवारपर्यंत. मी ताईंचं नाव दिलंय."

"त्यांचे तर अजून दोन महिने आहेत."

"आहेत ना. ते आता नाहीत."

"त्यांना सांगितलंत?"

साहेबांनी स्टेपलर पुन्हा उघडला. "सांगणारच होतो. पण म्हटलं, अशा बाबतीत तुमचा हातखंडा."

रीतसरांची छाती दोन बोटं वर आली. "साहेब, तुम्ही निर्धास्त राहा. बाई जाताना माझे आभार मानून जातील."

विभागात दिवसभर मान वर न करता काम करणारी एकच व्यक्ती, आणि जायची तीच का, हा प्रश्न दोघांच्याही मनात आला नाही. तो रीतीचा प्रश्न नव्हता.

रीतसर ताईंच्या टेबलाशी गेले तेव्हा त्या फोनवर होत्या. कुठल्याशा इमारतीत सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधोमध कोणी गृहस्थ अडकले होते आणि तारस्वरात ओरडत होते. "घाबरू नका," ताई म्हणाल्या. "पंख्याची हवा येतेय ना? दाराला टेकू नका. बारा मिनिटांत मेकॅनिक पोचतोय." पलीकडचा आवाज खाली आला. ताईंनी रजिस्टरमध्ये वेळ लिहिली आणि हसून वर पाहिलं.

"बसा ना काका."

रीतसर बसले. मुद्द्यावर एकदम येणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता, त्यामुळे त्यांनी लांबून सुरुवात केली. ताईंची तब्येत विचारली. घरच्यांची विचारली. खिडकीबाहेर बघून हवेबद्दल दोन शब्द बोलले. नमनालाच घडाभर तेल गेलं, आणि मग त्यांनी विषयाकडे एक पाऊल टाकलं.

"ताई, माणूस एका जागी रुळतो. टेबल आपलं वाटतं, खुर्ची आपली वाटते. पण खुर्ची काही आपली नसते."

"खरंय काका."

"निर्णय वर होतात. आपल्याला कोणी विचारत नाही. काल होतो, उद्या नाही. मन घट्ट करायचं." बोलता बोलता रीतसरांना स्वतःचंच बोलणं इतकं भिडलं, की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

ताईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी हळूच विचारलं, "कधी?"

"शुक्रवारी," रीतसर रुमालात म्हणाले. "शुक्रवार शेवटचा."

ताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "काका, तुम्ही खचू नका. मी कोणाला काही बोलणार नाही." तेवढ्यात फोन वाजला.

रीतसर उठले ते तरंगतच साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "सांगितलं," ते म्हणाले. "काय धीराची बाई आहे! उलट मलाच म्हणाली, खचू नका." साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला आणि स्टेपलर खणात ठेवून दिला.

मंगळवारी मिस्त्री जिन्यात भेटले. त्यांनी ग्रीसचा हात पँटला पुसला आणि रीतसरांचा हात दोन्ही हातांत धरला. "सर, ऐकलं. फार वाईट वाटलं."

"वाटणारच. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"ताईंनी. पण फक्त मला. मीही फक्त मेकॅनिकांना सांगितलं."

"बिचाऱ्या ताई," रीतसर म्हणाले.

"हो ना. तुमच्यासाठी रडत होत्या. म्हणाल्या, काकांची तीन वर्षं राहिली होती हो रिटायर व्हायला."

रीतसरांचा पाय पायरीवरच थांबला. "माझी?"

"मग कोणाची? शुक्रवारी तुम्हीच जाताय ना?"

झालं ते असं होतं, आणि ते कळायला रीतसरांना आणखी एक पायरी लागली. एवढं सुंदर बोलून, एवढे डोळे पुसून, जाणार कोण हेच त्यांनी सांगितलं नव्हतं. समोर म्हातारा माणूस रडतोय म्हटल्यावर कोणीही जे समजेल, तेच ताई समजल्या होत्या.

आता दुसरा कोणी असता, तर उलट्या पावली गेला असता आणि म्हणाला असता, "ताई, मी नाही, तुम्ही." पण रीतसरांनी विचार केला. मी जात नाही म्हणावं, तर मग कोण जातंय हे ओघानेच आलं. जी बाई आपल्यासाठी रडली, तिलाच उलटून तसं सांगायचं, हे कुठल्या रीतीत बसतं? शिवाय साहेबांना सांगून बसलो की काम झालं. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. त्यांनी मिस्त्रींच्या हातातून हात सोडवून घेतला आणि म्हणाले, "चालायचंच." आणि खरंच चालू लागले.

दुपारी त्यांच्या टेबलावर न मागता चहा आला. एका मेकॅनिकने त्यांची पिशवी खालपर्यंत नेऊन दिली. पंधरा वर्षांत कोणी त्यांचं वेळापत्रक वाचलं नव्हतं, ते मंगळवारी दोघांनी वाचलं आणि छान आहे म्हणाले. रीतसरांना हे सगळं फसवणुकीचं आहे हे कळत होतं. पण चहा बरा होता. बुधवारी सांगू, असं त्यांनी ठरवलं.

बुधवारी ताईच त्यांच्याकडे आल्या.

"काका, रीत काय ते तुम्हीच सांगा. एका हॉस्पिटलातून मला बोलावणं आलंय. तिथले फोन घ्यायचे. कायमची नोकरी आहे. पण सोमवारी हजर व्हायला हवं, आणि हो की नाही ते उद्या संध्याकाळी सहाच्या आत कळवायचं. नाहीतर ते दुसरीला घेणार."

रीतसरांना वाटलं, देव पावला. "घ्या," ते म्हणाले. "विचार कसला करताय? आत्ता कळवा."

ताईंनी मान हलवली. "मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण शुक्रवारी तुम्ही जाणार. पाठोपाठ मीही गेले, तर इथे बघणार कोण? लोक अडकतात हो काका. मी सहा महिन्यांचा शब्द दिलाय. अर्धवट टाकून जाणं बरं दिसत नाही, हे तुमचंच वाक्य ना?"

"प्रत्येक गोष्टीला अपवाद असतो."

"तुम्ही माझ्या जागी असता तर गेला असतात?"

इथे एक छोटंसं 'हो' पुरलं असतं. तेवढ्याने ताईंची नोकरी वाचली असती, रीतसर सुटले असते आणि कोणालाच काही सांगावं लागलं नसतं. पण समोरची व्यक्ती त्यांच्याकडे अशा आदराने बघत होती, की सत्तावन्न वर्षांची सवय आपसूक बोलून गेली. "मी? दिलेला शब्द मोडून? छे."

"बघा," ताई समाधानाने म्हणाल्या. "उद्या त्यांना नाही म्हणून कळवते." आणि गेल्या. रीतसरांना स्वतःची जीभ चावावीशी वाटली, पण ते काम पाच सेकंद आधी करायला हवं होतं.

संध्याकाळी घरी पोचले तर बायको दारातच उभी.

"अहो, तुमच्या मिस्त्रींचा फोन होता. तुम्हाला भिंतीवरचं घड्याळ आवडेल की प्रवासाची बॅग, असं विचारत होते. कशाबद्दल?"

रीतसरांनी चपला काढल्या, हातपाय धुतले, पाणी प्यायले आणि मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. बायकोने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, तेव्हाच त्यांना धोका कळायला हवा होता.

"म्हणजे उद्या सहापर्यंत तुम्ही बोलला नाहीत, तर त्या मुलीची हातातली नोकरीही जाणार आणि येणारीही."

"मी योग्य वेळ बघतोय. अशा गोष्टींना एक रीत असते."

"कसली रीत? भीती आहे ती. भीतीलाच इस्त्रीचे कपडे घालून तुम्ही इतकी वर्षं मिरवताय. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. एक वाक्य आहे हो! तिसरीतलं पोर सांगेल."

रीतसरांना लाज वाटली. चारचौघांत दाखवायची नाही, आतून वाटते ती. झोपताना एवढंच म्हणाले, "उद्या सांगतो." बायकोने कूस बदलली.

गुरुवारी ते खरोखरच ठरवून गेले. पण सकाळीच शहराच्या अर्ध्या भागातली वीज गेली आणि अकरा लिफ्ट एकदम अडकल्या. ताई दोन फोन दोन कानांना लावून बसल्या होत्या. बारा वाजता रीतसर एक फेरी मारून आले, दोन वाजता दुसरी. दर वेळी ताई हाताने 'थांबा' म्हणायच्या आणि फोनमध्ये 'घाबरू नका' म्हणायच्या. चार वाजता साहेबांनी त्यांना पॅसेजमध्ये गाठलं, खांदा घट्ट दाबला आणि भरल्या आवाजात म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत." एवढं बोलून ते गेलेसुद्धा. साहेबांना मध्येच काय झालं, ते रीतसरांना कळेना. आणि कळून घ्यायला वेळही नव्हता.

पाच वाजता फोन थंडावले. आता जायचंच. रीतसर उठले, आणि त्यांच्या मनात आलं, की अशी बातमी घेऊन रिकाम्या हाताने कसं जायचं? निदान फुलं तरी हवीत. ते तीन मजले उतरले, कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, पांढरी घ्यावीत की पिवळी यावर पंधरा मिनिटं घालवली, कारण पांढरी फार दुःखी दिसत होती आणि पिवळी फार आनंदी. शेवटी मिसळून घेतली. परत आले तेव्हा पाच पस्तीस झाले होते. गुडघे कुरकुरत होते, म्हणून ते लिफ्टमध्ये शिरले.

दुसऱ्या मजल्याच्या थोडं वर गेल्यावर लिफ्टने एक आचका दिला आणि थांबली.

चारशे दहा लिफ्ट सांभाळणाऱ्या कंपनीची ही स्वतःची लिफ्ट. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. समोर ताईंच्या सुबक अक्षरातलं कार्ड होतं. त्यावरची तपासणीची तारीख उलटून तीन महिने झाले होते. रीतसरांच्या वेळापत्रकात ही लिफ्ट नव्हतीच, कारण आधी दुसऱ्यांचं बघावं आणि मग स्वतःचं, असा त्यांचा शिरस्ता होता.

त्यांनी लाल बटण दाबलं.

"नमस्कार. घाबरू नका. कोणती इमारत?"

"ताई, मी आहे."

"काका? कुठे अडकलात?"

"आपल्याच लिफ्टमध्ये."

"थांबा हं." मिस्त्रींना हाक मारल्याचा आवाज आला. "मोटर तापलीय म्हणतात. अर्धा-पाऊण तास लागेल. पंख्याची हवा येतेय ना? दाराला टेकू नका."

रीतसरांनी घड्याळ पाहिलं. पाच एकेचाळीस. अर्धा-पाऊण तास म्हणजे सहा उलटून जाणार. "ताई, तुम्हाला एक गोष्ट सांगायचीय. आयुष्यात असे प्रसंग येतात—"

"काका, आत्ता जास्त बोलू नका. दम लागतो."

"दम नाही लागलेला. महत्त्वाचं आहे."

"सगळे असंच म्हणतात. अडकलं की माणसाला सगळं आठवतं. परवा एक गृहस्थ बायकोची माफी मागत होते, आणि बायको त्यांच्या शेजारीच उभी होती. शांतपणे श्वास घ्या. मी आकडे मोजते. एक—"

"ताई, ऐका तरी—"

"दोन."

अडकलेल्या माणसाला कसं गप्प करावं, हे ताईंना फार चांगलं येत होतं. रीतसरांनी आणखी तीनदा प्रयत्न केला. एकदा जगाच्या रहाटीपासून सुरुवात केली, एकदा कंपनीच्या अडचणींपासून, एकदा ताईंच्या कामाच्या कौतुकापासून. प्रत्येक वेळी ताईंनी त्यांना प्रेमाने थोपवलं. एकदा तर म्हणाल्या, "काका, एक मिनिट धरता का? हॉस्पिटलला नाही म्हणून कळवून टाकते, सहा वाजतील."

रीतसरांच्या हातातली फुलं खाली पडली.

"ताई, तुमची नोकरी गेली. उद्या तुमचा शेवटचा दिवस. मी कुठेही जात नाही."

पलीकडे पेन टेबलावर पडलं. मग ताईंचा आवाज आला, अगदी सपाट. "कधी ठरलं?"

"सोमवारी."

"तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी."

"आणि माझ्यासमोर बसून रडत होतात ते?"

"मला वाईट वाटत होतं."

"मलाही वाटलं होतं. तुमच्यासाठी. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले नाही काका." रीतसरांनी वाकून फुलं गोळा केली. "मी फोन ठेवत नाही," ताई म्हणाल्या. "आत माणूस असेपर्यंत लाइन तोडायची नाही, असा नियम आहे."

त्यांनी रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग स्वतःच्या मोबाइलवर नंबर लावल्याचा. मग रीतसरांना स्पष्ट ऐकू आलं. "नमस्कार. मी येते. इथलं काम उद्या संपतंय. सोमवारी आठला हजर होते." पाच सत्तावन्न झाले होते.

ताईंनी रिसीव्हर पुन्हा उचलला. "काका, आहात ना?"

"आहे."

"दाराला टेकू नका."

मिस्त्रींनी सहा पंचवीसला लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर आणून दार उघडलं. ताईंचं काम सहाला संपत असे, पण त्या तोवर फोनवर होत्या. त्यांनी रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, पर्स उचलली, आणि 'येते' म्हणून जिन्याने उतरल्या. रीतसरांना मान वर करवली नाही. तरीही त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली. उशिरा का होईना, सांगितलं होतं.

शुक्रवारी चार वाजता सगळे मोठ्या टेबलाभोवती जमले. मध्ये भिंतीवरचं घड्याळ होतं, गुंडाळलेलं, आणि सह्यांचं कार्ड होतं. कार्डावर ताईंच्या अक्षरात रीतसरांचं नाव होतं. आता साहेब उभे राहतील, गैरसमज झाला म्हणतील आणि कार्ड ताईंना देतील, असा रीतसरांचा अंदाज होता.

साहेब उभे राहिले. "विभागातला एक माणूस कमी करा, असा वरून निरोप होता," ते म्हणाले. "मी नाइलाजाने ताईंचं नाव दिलं. आणि बुधवारी मला मिस्त्रींकडून कळलं, की शुक्रवारी ताई नाही, सर जाताहेत. म्हणजे आपल्यातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने कोणालाही न सांगता स्वतःचं नाव पुढे केलंय. त्या मुलीचे दोन महिने वाचावेत म्हणून! मी त्यांना काही विचारलं नाही. अशा त्यागाबद्दल विचारायचं नसतं, बरं दिसत नाही. मी लगेच वर लिहिलं. काल दुपारीच उत्तर आलं. सरांचा राजीनामा मंजूर. ताईंचं कंत्राट पूर्ण सहा महिने कायम."

टाळ्या पडल्या. मिस्त्रींनी डोळे पुसले, आणि ग्रीस कपाळभर झालं.

रीतसरांच्या डोक्यात हळूहळू उजाडलं. सोमवारपासून बुधवारपर्यंत ताईंची नोकरी जाणार हे खरं होतं, तेव्हा त्यांनी तोंड उघडलं नाही. गुरुवारी जीव मुठीत धरून सांगितलं, तोवर ते खोटं झालं होतं.

ताई उठल्या. "साहेब, मी सोमवारपासून हॉस्पिटलात जातेय. काल सरांनी सांगितलं माझं काम संपलं, म्हणून मी हॉस्पिटलवाल्यांना हो म्हटलं."

टाळ्या वाजवणारे हात जागच्या जागी राहिले. साहेबांनी रीतसरांकडे पाहिलं. रीतसरांनी घड्याळाकडे पाहिलं, पण ते गुंडाळलेलं होतं.

केबिनमध्ये दार लावून, उघडून आणि पुन्हा लावून झाल्यावर रीतसर म्हणाले, "साहेब, मी राजीनामा दिलेलाच नाही. वर लिहून कळवा की चूक झाली."

"अहो, वरून मंजूर होऊन आलेला कागद परत वर कसा पाठवणार? त्यांनी किती चांगलं लिहिलंय तुमच्याबद्दल. आता नाही म्हणणं कसं दिसेल?"

"मग मी करू काय?"

साहेबांनी खणातून स्टेपलर काढला. "एक जागा आहे. फोनची. कंत्राटावर, दोन महिन्यांसाठी."

संध्याकाळपर्यंत ताईंनी त्यांना सगळं दाखवलं. रागावल्या असतील तर ते दिसू दिलं नाही. रजिस्टर कुठे, मिस्त्रींचा नंबर कुठला, फोन दुसऱ्या घंटीला उचलायचा. निघताना म्हणाल्या, "काका, एकच सांगते. आधी पत्ता विचारा, मग बाकीचं." रीतसर म्हणाले, "अर्थात." घरी जाऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग घड्याळासाठी भिंतीवर खिळा कुठे मारायचा ते विचारायला लागली.

सोमवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी पहिला फोन आला. एका बाईंचा आवाज होता. "ताई, मी पुन्हा अडकले हो."

"नमस्कार. घाबरू नका. ताई आता इथे नाहीत. दुसऱ्या नोकरीवर गेल्या."

"अशा अचानक? आणि आम्हाला कोणी सांगितलंसुद्धा नाही?"

आवाजात दुखावल्याची छटा होती, आणि ती रीतसरांना बोचली. या बाईंना सांगायला हवं होतं. निदान आता तरी सगळं व्यवस्थित, क्रमाने सांगायला हवं. ते खुर्चीत सरळ बसले.

"तुमचं म्हणणं बरोबर आहे. सांगतो. त्याचं असं झालं, की गेल्या सोमवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, बसा, दार लावून घ्या..."

ते बुधवारपर्यंत आले असतील नसतील, पलीकडे खाकरल्याचा आवाज आला.

"अहो काका."

"बोला."

"मी लिफ्टमध्ये आहे हो अजून."

रीतसरांनी घाईघाईने पेन शोधलं. पत्ता विचारायचा राहिला होता.